रांग संपली की वळायचं

हुबळी
४ नोव्हेंबर १९९७

वेदा,

वर 'प्रिय' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, शेवटी कागदच फाडला. हा चौथा कागद. आई विचारत होती, एवढा मोठा अर्ज कुणाला लिहितोयस. म्हटलं, परदेशात. तिला सगळं कळतं, फक्त बोलत नाही.

तू गेल्याला त्रेपन्न दिवस झाले. जाताना स्टेशनवर जे सांगितलंस ते मी रोज घोकतो. सरकारी खाण खातं आणि तुझी कंपनी यांनी भागीदारीत करेगुड्डाचं सोनं शोधायचं ठरवलंय. डोंगर आणि जुनी माहिती खात्याची, पैसा आणि यंत्रं कंपनीची. सोनं काढण्याजोगं आहे असं ठरलं तर एप्रिलमध्ये तुझी नेमणूक इकडे, कलघटगीच्या पलीकडे, माझ्यापासून तासाभरावर. नाही ठरलं तर तुला टांझानियातच तीन वर्षं ठेवणार. म्हणजे माझ्या आयुष्याचं काय व्हायचं ते एक डोंगर ठरवणार. डोंगराला समोर उभं करून दोन शब्द सुनावता आले असते तर सुनावले असते.

तुझ्या शिफारशीने मिळालेली नोकरी बरी चाललीय. तारिहाळच्या शेडमध्ये खात्याच्या जुन्या पेट्या आणून ठेवल्यात. पंधरा वर्षांपूर्वी खात्याने करेगुड्डावर चाळीस बोअर मारले, आतला दगड गोल दांड्यासारखा बाहेर काढला आणि पेट्यांत मांडून ठेवला. त्या दांड्याला कोअर म्हणतात. हे तुला सांगणं म्हणजे कमालच, पण आईला समजावून समजावून सवय लागलीय. माझं काम पेट्या उचलायचं, कोअर धुवायचं, साहेब सांगतील तिथे करवतीने मधोमध उभा चिरायचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात प्रयोगाच्या वहीवरून सरांशी भांडून बाहेर पडलो तेव्हा अख्खं घर म्हणालं होतं, हा आता दगड फोडणार. फोडतोय. त्यांचं भविष्य तरी खरं ठरलं.

शेडची राखण सत्याप्पा अण्णांकडे आहे. तेच त्या वेळी खात्याचे ड्रिलर होते, म्हणजे हे चाळीसही बोअर त्यांनीच मारलेले. आता निवृत्त, रोजंदारीवर राखणदार. गाव करेगुड्डाच्या पायथ्याशी.

दिवाळीत तुमच्या घरी आकाशकंदील लागला. तुझे अप्पा स्वतः शिडीवर चढले होते. मला कसं माहीत विचारू नकोस. देशपांडे नगरातनं माझा रस्ता जात नाही हे तुला ठाऊक आहे, आता अप्पांनाही ठाऊक झालं असेल. तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत सायकल न्यायची, वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं. हे मी सत्याप्पा अण्णांना सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "तम्मा, मी पण जन्मभर हेच केलं की. कोअर पेटीत मांडायचा, रांग संपली की वळायचं. बैल वळवतो तसं. नांगरताना टोकाला पोचल्यावर बैल उचलून परत पहिल्या बाजूला नेऊन ठेवतोस काय?"

म्हटलं, नाही.

"मग? तुझी सायकल शहाणी आहे. तू तेवढा नाहीस."

लवकर लिही. मोठं लिही.

तुझा
प्रभंजन


मुक्काम कॅम्प, म्वान्झाजवळ
२९ नोव्हेंबर १९९७

प्रभंजन,

पत्र एकवीस दिवसांनी मिळालं. कॅम्पची डाक पंधरवड्यातून एकदा गावात जाते, तेव्हा माझं उत्तर उशिरा आलं तर त्यावरून निष्कर्ष काढत बसू नकोस. तुला ती सवय आहे.

इथलं काम आपल्यासारखंच. एक सरकारी महामंडळ, एक खाजगी कंपनी, एक डोंगर. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होती. आता एकाच टेबलावर जेवतात, पण मिठाची भांडी अजून दोन आहेत. बैठकीला तिसरी खुर्ची गावातल्या म्हाताऱ्यांची असते. सोनं हाताने खणणारी माणसं त्या डोंगरावर आधीपासून आहेत, त्यांनी कुठे जायचं यावर तीन बैठका झाल्या आणि अजून ठरलेलं नाही. मला वाटलं होतं दगड ओळखायला शिकायला आलेय. निम्मा वेळ माणसं कुठे बसतात तेच बघण्यात जातो.

पहिले दोन आठवडे मला काय काम दिलं असेल? बाराशे पेट्यांवर लाल रंगाने बाण काढायचं. एम.एस्सी.ला पहिली आले ती यासाठी. जुमा नावाचे महामंडळातले वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मान देऊन 'म्झे' म्हणतात, ते शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि बाण वाकडा आला की पुसायला लावायचे.

म्वान्झात एका गुजराती दुकानदाराकडे जोंधळ्याचं पीठ मिळालं. भाकरी केली. पहिली दगड, दुसरी नकाशा, तिसरी खाल्ली.

तुझ्या राहिलेल्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा फॉर्म फेब्रुवारीअखेरपर्यंत भरता येतो. मी चौकशी करून ठेवली होती, तुला सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही. तू चिडला असतास.

खोलीत दोन खिडक्या आहेत. टेबल तळ्याकडच्या खिडकीशी होतं, देखावा सुंदर आहे. ते उचलून ईशान्येच्या खिडकीशी नेलं. तिथून पत्र्याची एक शेड तेवढी दिसते.

तब्येतीला जप. अप्पांच्या नजरेला पडू नकोस.

वेदश्री


हुबळी
२४ डिसेंबर १९९७

वेदा,

तुझं पत्र सात वेळा वाचलं. मी चार पानं लिहितो आणि तू मला टेबल कुठनं कुठे हलवलं ते कळवतेस. असो. फॉर्मचं पण असो. इथे आग लागलीय.

कंपनीचे प्रेमानंद साहेब बेंगळूरहून चार पोरं घेऊन आले. तीन आठवडे शेडमध्ये बसून त्यांनी सगळा जुना कोअर नव्याने वाचला, लिहून काढला. त्या काळात सत्याप्पा अण्णांना आत यायची मनाई. ते गेटवर. मग साहेबांनी आपली नोंद आणि खात्याचं जुनं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं.

सतरा नंबरचा बोअर घे. रजिस्टरात लिहिलंय, सोन्याच्या गारगोटीचा एकच पट्टा, दोन हात जाड. पेटीत बघितलं तर हातभर पट्टा, मग काळा साधा दगड, मग पुन्हा हातभर पट्टा. जाड पट्टा असेल तर खाण चालते. बारीक दोन असतील तर मधला काळा दगड उपसण्यातच जन्म जाईल, असं साहेब म्हणतात. चाळीसपैकी चौदा बोअरची हीच गत, बाकीचे जुळतात. यावरून साहेबांनी ठरवलं की रजिस्टरच खोटं. दगड किती खोलवरचा ते लिहिलेले लाकडी ठोकळे कोअरच्या मधे मधे ठेवलेले असतात ना, ते शाबूत असते तर वाद मिटला असता. ते वाळवीने खाल्ले. पेटीवर फक्त सुरुवात आणि शेवट लिहिलाय. रजिस्टर लिहिणारे साहेब वारले. खात्याच्या हेमावती मॅडम नव्या, त्यांना काही सांगता येईना.

मग साहेबांनी अण्णांना बोलावलं. मी तिथेच पेटी धरून उभा होतो.

"पेट्या हलवताना सांडल्या होत्या काय? भरताना वरखाली झालं?"

"नाही."

"मग रजिस्टरात जाड पट्टा कुठून आला?"

"मी दगड मांडले साहेब. दगड खोटं बोलत नाहीत."

"दगड बोलतच नाहीत. रजिस्टर माणसं लिहितात. वरून सांगितलं असेल, जाड लिही म्हणून."

अण्णांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, साहेबांच्या टेबलावर ठेवला, कोपऱ्यातला डबा उचलला आणि चालू लागले. आठ दिवस झाले, गावाकडेच आहेत.

सोळा फेब्रुवारीला धारवाडला बैठक आहे. तोवर खात्याला उत्तर देता आलं नाही तर कंपनी करेगुड्डातून बाहेर, भागीदारी संपली. म्हणजे तू तिकडे तीन वर्षं.

मला विचारशील तर हा सगळा कंपनीचा डाव आहे. आधी माल वाईट म्हणायचं, मग खातं पाया पडत आलं की तोच माल निम्म्या अटींवर घ्यायचा. बैलबाजारात दलाल दात बघून तोंड वाकडं करतात तसं. मी हे साहेबांच्या तोंडावर बोलणार आहे.

प्रभंजन


हुबळी
१२ जानेवारी १९९८

वेदश्री,

बोललो. नंतर त्यांनी कोअरच्या पेट्या ट्रकमधून परत खात्याच्या गोदामात टाकायचं फर्मान काढलं. तिथे पावसात कुजतील, मग कुणी कधीच बघणार नाही. मी शेडला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली उणकल तळ्यात फेकली. आता नेऊन दाखवा म्हणावं. मला कामावरून काढलंय. पोलिसांत देणार होते, कुलूप तोडणार होते, हेमावती मॅडमनी बैठकीपर्यंत दोन्ही थांबवलं.

गोपाळच्या एस्टीडी बूथवर तुझे अप्पा पुण्याला फोन करत होते. गोपाळ म्हणाला, स्थळ आहे, मुलगा तुमच्याच कंपनीत आहे, त्यांचं बोलणं पंधरा मिनिटं चाललं. पंधरा मिनिटं म्हणजे होकारच.

एकूण तूसुद्धा कंपनीच. आधी बघायचं, मापायचं, एकवीस दिवसांनी दोन ओळी लिहायच्या, आणि जाड पट्टा दुसरीकडे लागला की इथला गाशा गुंडाळायचा.

यापुढे मी लिहिणार नाही. तूही त्रास घेऊ नकोस.

प्रभंजन इनामदार


फॅक्स
म्वान्झा, ३१ जानेवारी १९९८

श्री. गोपाळ, एस्टीडी बूथ, देशपांडे नगर, हुबळी यांस: हा कागद प्रभंजन इनामदार यांच्या हातात ताबडतोब द्यावा. वाचू नये.

प्रभंजन,

तुझी दोन्ही पत्रं काल एकाच थैलीतून आली. आधी शिव्या वाचल्या, मग शेडची गोष्ट. कॅम्पच्या ट्रकमधून तीन तासांवर येऊन हे पाठवतेय. नीट वाच, उभ्याने वाचू नकोस.

प्रेमानंद साहेबांच्या पोरांनी पेटी पुस्तकासारखी वाचलीय. एक रांग डावीकडून उजवीकडे, मग दुसरी रांग पुन्हा डावीकडून. कंपन्या तशाच मांडतात आणि वाचतात. पण सत्याप्पा अण्णा तसे मांडत नव्हते. तुझं चार नोव्हेंबरचं पत्र काढ. तुझ्याकडे नसेल, माझ्याकडे आहे. "रांग संपली की वळायचं. बैल वळवतो तसं." म्हणजे पहिली रांग डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. सतरा नंबरच्या पेटीत एक पट्टा पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला असेल आणि दुसरा दुसऱ्या रांगेच्या उजव्या टोकाला. ते दोन पट्टे नाहीत. एकच पट्टा वळणावर आलाय. जे पट्टे एका रांगेच्या मधोमध आले ते जुळले, जे वळणावर आले ते चौदा चुकले. कुणी खोटं बोललेलं नाही. कुणी कुणाला विचारलंच नाही.

तपासायची रीत: पहिल्या रांगेचा उजवीकडचा शेवटचा तुकडा आणि दुसऱ्या रांगेचा उजवीकडचाच टोकाचा तुकडा घे. पेटीत बसवायला कोअर तिथे हातोडीने तोडलेला असतो. तुटलेली तोंडं एकमेकांत बसली तर संपलं.

इथेही हेच भांडण दोन वर्षांपूर्वी झालं होतं. म्हणून माझे बाण. म्झे जुमांना काल तुझं पत्र अर्थ सांगत वाचून दाखवलं, ते पाच मिनिटं हसत होते.

हेच साहेबांना ऑफिसच्या फॅक्सवर वेगळं पाठवलंय. पण मांडणारा माणूस समोर हवा. अण्णांना घेऊन ये. त्यांची माफी मागून आण, आज्ञा करून नको.

किल्ली तळ्यात नाही हे मला माहीत आहे.

पुण्याच्या स्थळाला मी नोव्हेंबरातच नाही म्हटलंय. अप्पा पंधरा मिनिटं त्यांची क्षमा मागत असतील, त्यांना थोडक्यात काही जमत नाही. हे इथे लिहायचं नव्हतं, पण कागद उरला होता.

वेदश्री


हुबळी
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय वेदा,

या वेळी खोडलं नाही.

तुझा कागद गोपाळने वाचला. 'वाचू नये' लिहिलंस तिथेच चुकलीस. वर त्याने मला शोधायचं सोडून पहिल्यांदा तुझ्या अप्पांना बोलावलं, कारण म्हणे मुलीच्या घरचा पहिला हक्क. मी पोचलो तेव्हा अप्पा चष्मा कपाळावर चढवून तिसऱ्यांदा वाचत होते. मला बघून म्हणाले, "हा बैलांचा प्रकार मला कळला. शेवटचा परिच्छेद कळला नाही." गोपाळने तोंड फिरवून काउंटर पुसायला घेतला. मी म्हटलं, "अप्पा, मला आधी करेगुड्डाला जायचंय." ते म्हणाले, "जा. परिच्छेद कुठे पळून जात नाही."

गोपाळची लूना घेतली. चढावर पायडल मारून मारून जीव गेला. अण्णा अंगणात शेंगा फोडत बसले होते. यल्लव्वा अक्का, त्यांची बायको, दारातून म्हणाली, "किल्लीवाला आला बघा." म्हणजे बातमी इथपर्यंत पोचली होती. मी तू सांगितल्यासारखी माफी मागितली. शेडमध्ये एवढे दिवस बसून, तुमच्याच तोंडून ऐकून, मला हे सुचलं नाही म्हणून मागितली. अण्णांनी आधी हातातल्या शेंगा फोडून संपवल्या. मग म्हणाले, "म्हणजे ती पोरं डावीकडनंच वाचत होती? प्रत्येक रांग?"

"होय."

"आणि बैल?"

"बैल उचलून परत नेत होते."

अक्का आतून हसली, तेव्हा ते उठले. लूनावर मागे बसताना टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून घेतलं होतं.

तारिहाळला पोचलो तर शेडपुढे साहेब, हेमावती मॅडम आणि एक लोहार. लोहाराने छिन्नी कुलपावर ठेवली होती. साहेबांना तुझा फॅक्स मिळाला होता, पण आत जायला किल्ली तळ्यात. मी शर्टाचं बटण काढलं आणि जानवं बाहेर ओढलं. किल्ली तिथेच बांधलेली होती, पहिल्या दिवसापासून. तुझ्यापासून काही लपत नाही, याची मला भीती वाटते आणि बरंही वाटतं. साहेबांनी जानव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "उणकल तळं बरंच जवळ आलं." लोहार हसला म्हणून मीही हसलो.

सतरा नंबर, नववी पेटी. मीच उचलून टेबलावर ठेवली. साहेबांनी अण्णांना नुसतं खुणावलं. अण्णांनी हात धुतले, पुसले. पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाचा तुकडा उचलला, खालच्या रांगेच्या उजव्या टोकाचा उचलला. तुटलेली तोंडं समोरासमोर धरली, थोडं फिरवलं. वेदा, टक् असा आवाज झाला. फुटकी बांगडी जुळवून बघतो ना आपण, तसं. फट दिसेना. पांढरा पट्टा इकडून तिकडे सलग, दोन हात.

साहेबांनी तो जोड स्वतःच्या हातात घेतला, सोडवला, पुन्हा जुळवला. मग दुसरी पेटी मागितली. मग तिसरी. चौदाच्या चौदा बघेपर्यंत दुपार टळली. एका पेटीत जुळेना. अण्णांनी टॉवेल सोडला. आत जुनी वही होती, त्यांच्या हातची, कानडीत. त्यात लिहिलेलं, त्या दिवशी तिथला कोअर आतच चुरा होऊन आला. साहेबांनी तेही लिहून घेतलं. एकदम सगळं जुळलं असतं तर मला संशय आला असता, म्हणाले.

शेवटी त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून अण्णांना दिली. "मला कुणी सांगितलं नाही," म्हणाले, आणि थोडं थांबून, "मी कुणाला विचारलंही नाही."

अण्णा बसले नाहीत. म्हणाले, "मी गेटवरच होतो की साहेब. तीन आठवडे."

साहेबांना मी दलाल म्हटलं होतं, ते परत घेतलं. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. सोळाला बैठक आहे. देवाला नवस बोलायची सवय नाही, पण आज सायकल पुसली.

तुझा
प्रभंजन

ता. क. टेबलाचं तू का लिहिलं होतंस?


मुक्काम कॅम्प
४ मार्च १९९८

प्रिय प्रभंजन,

प्रेमानंद साहेबांचं पत्र तुझ्या पत्राच्या आधी आलं. करेगुड्डाला मुदतवाढ मिळाली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. सोनं निघेलच असं कुणी म्हणत नाहीये, फक्त आता शोधायला सगळे एका बाजूने निघालेत. माझी नेमणूक वीस एप्रिलपासून. पत्रात तुझाही उल्लेख आहे: "सदर इसम तापट आहे, परंतु पेट्यांची काळजी घेतो." माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलेलं नाही.

तुझी तक्रार खरी आहे. मला ओळीच्या सुरुवातीलाच मनातलं लिहिता येत नाही. मी आधी पीठ, ट्रक, बाण लिहिते आणि शेवटाला येऊन वळते. तू शेवटाला पोचायच्या आधीच चिडलेला असतोस. फॉर्मचं मी लपवलं, स्थळाचंही लपवलं. तुला सांगितलं तर तू काय करशील या भीतीने. तू जे करायचं ते तरीही केलंस, तेव्हा यापुढे लपवणार नाही. तूही कुणी नुसतं पंधरा मिनिटं बोललं म्हणून कुलूप लावू नकोस.

टेबलाचं विचारलंस. नकाशा काढून बघ. म्वान्झाहून ईशान्येला काय आहे ते.

म्झे जुमांनी तुझ्यासाठी लाल रंगाचा डबा दिलाय. विमानात नेऊ देणार नाहीत, हे त्यांना समजावणं अवघड जातंय.

तुझी
वेदश्री


हुबळी
२६ मार्च १९९८

प्रिय वेदा,

लाल रंग इथेही मिळतो, म्झे जुमांना सांग. साहेबांनी मला परत कामावर घेतलं, सहाशे पेट्यांवर बाण काढून झाले. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. अण्णा शेजारी स्टूल टाकून बसतात आणि वाकडा आला की पुसायला लावतात. म्हणजे अशी माणसं सगळीकडे असतात.

गेल्या रविवारी करेगुड्डाच्या देवळापुढे सभा झाली. एका टेबलामागे हेमावती मॅडम, प्रेमानंद साहेब आणि मधे अण्णा. तिसरी खुर्ची मॅडमनीच मागवली, तुझं पत्र मी त्यांना दाखवलं होतं, फक्त तेवढा परिच्छेद. गावाने बरंच विचारलं. रस्ता, नोकऱ्या, धूळ. अण्णांनी एकच मागितलं: नवा बोअर मारायच्या आधी गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी मोजून लिहा आणि ते रजिस्टर गावात राहू दे. साहेब म्हणाले, गावात कुणाकडे? यल्लव्वा अक्का बायकांतून म्हणाली, "ज्यांना पाणी आणावं लागतं त्यांच्याकडे." हशा झाला, पण मॅडमनी ते लिहून घेतलं आणि साहेबांनी खाली सही केली. मी दोन्ही सह्या जवळून बघितल्या. अजून कंपनीवर माझा पूर्ण विश्वास नाही. पण आता न पटलं तर कुठे बसून भांडायचं ते ठिकाण झालंय.

फॉर्म भरला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. वहीवाल्या सरांनीच सही करायची होती. त्यांनी विचारलं, "भांडण मिटलं काय?" म्हटलं, तुमच्याशी मिटलं.

नकाशाचं सांगायचंय. आमच्या घरी चांगला नकाशा नाही. काल संध्याकाळी तुमच्या गल्लीतून गेलो, टोकाला पोचलो, वळलो, परत आलो, पुन्हा वळलो. तिसऱ्या फेरीला अप्पा फाटकात उभे. हात आडवा केला. सायकल थांबवली, उतरलो.

"सप्टेंबरपासून बघतोय," ते म्हणाले. "मी भूगोल शिकवला रे बत्तीस वर्षं. एवढ्या फेऱ्यांत तू म्वान्झाला पोचला असतास."

मी म्हटलं, "अप्पा, तुमच्याकडे आफ्रिका आणि भारत एका पानावर असलेला नकाशा आहे का?"

त्यांनी मला आत नेलं. मोठी नकाशांची वही काढली, पान उघडलं. म्वान्झावर पट्टीचं एक टोक ठेवलं आणि विचारलं, कुठे न्यायची? मी ईशान्येला म्हटलं. पट्टी सरकवत सरकवत त्यांनी समुद्र ओलांडला, किनारा ओलांडला, आणि हुबळीवर येऊन त्यांचं बोट थांबलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"हे त्या फॅक्समध्ये नव्हतं," म्हणाले.

"हे आधीच्या पत्रात होतं," मी म्हटलं. "मला वाचता आलं नव्हतं."

तुझ्या आईने चहा आणला. अप्पांनी कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सायकल आत घे. रस्त्यावर कशाला राहिलीय."

सायकल आत घेतली.

तुझा
प्रभंजन